नॉर्माच्या घराला निळा चुना

यंदा गहू माझ्या गुडघ्यापर्यंतही आला नाही, आणि मी काही फार उंच नाही. कॉलिननं अर्धं शेत नोव्हेंबरातच गवत म्हणून कापून टाकलं. उरलेल्यात हार्वेस्टर फिरला तेव्हा टाकीत पडणाऱ्या दाण्यांपेक्षा मागे उडणारी धूळच जास्त होती. डॅडी रात्री आले तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा गव्हाच्या रंगाच्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "डॅडी, तुम्ही एकदम सांताक्लॉज दिसता." ते हसले नाहीत. बुटातली माती पायरीवर झटकली आणि म्हणाले, "कॉलिन सांगत होता, पुढच्या पेरणीला कंत्राटदाराचं मोठं मशीन आणणार. ते सरळच चालतं. मध्ये घर असलं की वळवायला लागतं."

मध्ये असलेलं घर म्हणजे आमचं.

आमचं म्हणजे खरं तर नॉर्मा श्मिटचं; आम्ही तुस्कानो नुसते राहायला. वूरिनॅक गावापासून वीस मिनिटं, मेलबर्नपासून चार तास, आणि माझ्या कुठल्याही मैत्रिणीपासून अनंत. दगड मातीत रचलेला, वर पत्रा, मध्ये लांब पॅसेज, मागे स्वयंपाकघर, बाहेर दोन पेपर ट्री, मिरीसारखे दाणे लागणारी झाडं. चहूकडे जमीन इतकी सपाट की मम्मीची गाडी कामावरून निघाली की घरापर्यंत येईतो तिच्या धुळीची शेपटी दिसत राहते आणि तेवढ्यात भात लावून होतो.

आम्ही आधी मेलबर्नमध्ये, पॉइंट कुकला होतो. डॅडींचं वेअरहाउस बंद पडलं, तेव्हा त्यांनी कॉलिनच्या शेतावरची नोकरी घेतली, कारण नोकरीबरोबर राहायला घर होतं. पॉइंट कुकच्या भाड्याच्या घरात दर काही महिन्यांनी एजंट बाई येऊन भिंतीचे फोटो काढायची. तिथे एक खिळा ठोकायची चोरी. आमचं अल्टार तेव्हा मायक्रोवेव्हवर असायचं. इथे पहिल्या दिवशी डॅडींनी भीत भीत विचारलं, "कॉलिन, भिंतीला खिळा मारला तर चालेल?" कॉलिन म्हणाला, "मेट, हवं ते कर. पडायचंच आहे ते." डॅडींनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. त्याच संध्याकाळी त्यांनी पॅसेजमध्ये खिळा ठोकला. दगडांमधल्या मातीत तो लोण्यात गेल्यासारखा गेला. येशूच्या फोटोखाली बल्ब लावला आणि मागे सरून बराच वेळ बघत उभे राहिले.

शाळेच्या बसला मी सगळ्यात आधी चढते आणि सगळ्यात शेवटी उतरते. बस बेव्ह चालवते. केस पिकलेले, खिडकीबाहेर काढलेल्या कोपराला सनबर्न. वाटेत घरंच घरं लागतात, फक्त त्यांत माणसं नाहीत. कुठे नुसतं धुराडं उभं, कुठे दगडी पायऱ्या आणि वर काहीच नाही, रूळ नसलेलं स्टेशन, कुलूप लावलेलं लुथरन चर्च. आणि जिथे कुठे शेताच्या मध्येच दोन पेपर ट्री दिसतील, तिथे घर होतं असं समजायचं. बेव्हला सगळी नावं पाठ. "ते मिलरांचं. ते ओ'डेंचं." मी विचारलं, "बांधलं त्यांची नावं का?" ती म्हणाली, "छे ग. शेवटी जो राहिला त्याचं नाव. नकाशावर काहीही असू दे."

सप्टेंबरपर्यंत मी त्या बसमध्ये बेव्ह सोडून कुणासमोर तोंड उघडत नव्हते. मग हिस्ट्रीच्या टॉकला मी हीच घरं घेतली, बेव्हनं सांगितलेलं सगळं सांगितलं, आणि मुलं चक्क ऐकत बसली! सरांनी मला तेच परत अख्ख्या शाळेसमोर बोलायला लावलं. तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही. मम्मी म्हणते, ट्रिशा, श्वास घे. पण टॉक चांगला झाला म्हणून कुणी घरी येत नाही ना. मॅडी म्हणून माझ्या वर्गातली मुलगी आहे, बसमध्ये पुढच्या सीटवर असते. तिला मी दोनदा बोलावलं. ती म्हणाली, "त्या घोस्ट हाउसमध्ये? ऑ, सम टाइम." इथलं सम टाइम म्हणजे आपलं "बघू".

मम्मी गावातल्या वृद्धाश्रमात काम करते. सकाळी म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, संध्याकाळी औषधं देते. कुणी गेलं तर अंग पुसून, केस विंचरून, स्वच्छ नाइटी घालून मगच घरच्यांना आत बोलवायचं, हे तिचं काम. तिच्याइतक्या हलक्या हातानं कुणाला जमत नाही म्हणून तिलाच हाक मारतात. नॉर्मा तिच्याच विंगमध्ये. अठ्ठ्याऐंशीची, पाय गेलेले, जीभ एकदम शाबूत. कॉलिन तिचा भाचा. जमीन तो कसतो, पण घर आणि त्याभोवतीचा तुकडा अजून तिच्या नावावर. घर पाडायला ती कितीक वर्षं नाही म्हणत आलीय.

"रोज एकच विचारते," मम्मी जेवताना म्हणाली. "मिल्ड्रेड, माझ्या घरात कबुतरं आहेत का?"

"मग तू काय सांगतेस?"

"नाही म्हणते. कबुतरं तुझ्या डॅडींनी कधीच हाकलली."

डॅडी घास थांबवून म्हणाले, "तिला इथे आणता येईल का गं एकदा? नाताळच्या आधी?"

"कॉलिनच म्हणत होता. आणून दाखवतो आणि विषय संपवतो. पुढच्या रविवारी."

"पुढच्या रविवारी!" डॅडींनी ताट सरकवलं आणि भिंतीकडे बघितलं. स्वयंपाकघराची भिंत धुरानं काळी, मेणचट. वरच्या कोपऱ्यात पोपडे. "मिल्ड्रेड, नाताळ जवळ आला आणि आपण अजून घराला चुना लावला नाही."

वसईला नाताळच्या आधी घराला रंग लावतात. येशूजन्माचा गोठा नंतर, करंज्यांसारख्या नेवऱ्या नंतर, आधी भिंती. डॅडी लहान असताना ऑइल पेंट नव्हता, चुनाच असायचा, आणि कुंचा त्यांच्या हातात असायचा. हे सांगताना त्यांचा हात हवेत वरखाली हलत होता.

"तिनं घर असं नीट बघितलं ना, की कॉलिनला हात लावू देणार नाही," ते म्हणाले. "बघशील तू. राहता येतं हे दिसलं की कोण घर पाडेल?"

मला ते शंभर टक्के पटलं. मी तर टॉकसुद्धा तयार ठेवला.

शनिवारी आम्ही हॉर्शमहून चुन्याच्या पिशव्या आणल्या. डॅडींनी ड्रममध्ये पाणी घेऊन चुना ओतला आणि वाकून बघत राहिले. काही झालं नाही. "हा उकळतच नाही," ते हिरमुसून म्हणाले. "आमचा कळीचा चुना असा खदखदायचा, आम्हाला लांब उभं करायचे. हा थंडा चुना आहे, बाय." मी म्हटलं, डॅडी, ऑस्ट्रेलियाचा चुना आहे, सेफ्टी ट्रेनिंग झालंय त्याचं. तेव्हा मात्र हसले.

आधी घासायचं. वायर ब्रशनं दगडावरचा मेणचट थर काढायचा, धूळ नाकात, डोळ्यात, जेवणाच्या डब्यात. पॅसेजच्या फळ्या मम्मीनं रात्रपाळी करून आल्यावर गुडघ्यावर बसून घासल्या. एका फळीवर मोठा काळा डाग होता, तो जाईना. कॉलिन म्हणाला होता, दार उघडं राहिलं होतं त्या वर्षी तिथे मेंढी शिरून मेली. मम्मीनं त्यावर व्हिनेगर ओतलं, सोडा टाकला, परत घासलं. बाहेर बेचाळीस डिग्री. उत्तरेचा वारा असा की दोरीवरचा टॉवेल वाळून कडक पापड.

मंगळवारी पाण्यावरून झालं.

पावसाची टाकी तळाला गेली होती. कॉलिन टँकरनं पाणी आणून मेंढ्यांच्या टाकीत भरायचा आणि त्यातलंच थोडं आम्हाला. डॅडी बादली भरत होते, कारण चुना लावायच्या आधी भिंत भिजवावी लागते, नाहीतर तो धरत नाही. कॉलिनची यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, येऊन थांबली. तो उतरला नाही, खिडकीतूनच बघत राहिला.

"वेस, काय करतोयस?"

"भिंतीला पाणी."

"भिंतीला?" त्यानं टोपी मागे सारली. "मेट, मी हे पाणी पन्नास किलोमीटरवरून आणतो. मेंढ्या पितात ते. भिंती पीत नाहीत."

"थोडंच, कॉलिन. रविवारसाठी."

"ज्या भिंती पाडायच्या त्यांना आंघोळ." तो हसला, वाईट नाही हसला, पण शेजारी बसलेला कंत्राटदारही हसला. "यू आर अ फनी बगर, वेस." यूट गेली.

डॅडींनी बादलीतलं पाणी परत टाकीत ओतलं. एक थेंब सांडू न देता. मी काहीतरी बोलणार होते, खूप काही बोलणार होते, पण त्यांची मान बघितली आणि रिकामी बादली उचलून आत नेली.

त्या दिवसापासून आम्ही टबात उभं राहून आंघोळ केली आणि तेच पाणी भिंतीला. साबण मात्र नाही, डॅडी म्हणाले, साबणानं चुना फाटतो. मम्मीनं तांदूळ धुतलेलं पाणी ठेवलं, भांड्यांचं शेवटचं पाणी ठेवलं. मी सांगते, चार दिवस बिनसाबणाची आंघोळ करून मी त्या भिंतीसाठी सगळ्यात मोठा त्याग केला. सुट्टी लागली होती म्हणून बरं.

चुन्यात डॅडींनी मीठ घातलं, डिंक घातला. पहिला हात फिरवला तेव्हा मी ओरडले, "काहीच दिसत नाही! पाणी फासल्यासारखं आहे!"

"थांब."

आम्ही पायरीवर बसून थांबलो. वाळत गेली तशी भिंत आतून पांढरी होत गेली, जणू कुणी पलीकडून दिवा मोठा करतंय. मी तर नाचलेच. डॅडींच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, चुन्यानं कातडी उलली होती, त्यांत मम्मी खोबरेल चोळत होती आणि ते भिंतीवरून नजर काढत नव्हते.

शेवटच्या हाताला त्यांनी निळीची पुडी मागितली. मम्मी माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टांना नीळ देते. तिच्या बहिणीनं वसईहून पाठवलेल्या पुड्या होत्या.

"किती टाकताय वेस्ली?" मम्मी म्हणाली. "चिमूटभर टाका."

"पिवळट दिसतं नाहीतर."

"अहो, सगळी नको!"

सगळीच टाकली. स्वयंपाकघर पांढरं व्हायच्या ऐवजी निळं झालं. फिकं, पण चांगलंच निळं, दुपारी सावलीत धरलेल्या दुधाच्या ग्लाससारखं. डॅडी थोडे ओशाळले. "आमच्या गल्लीत असंच असायचं," ते म्हणाले, कुणी विचारलेलं नसताना.

रविवारी चर्चमध्ये मासला जायचं सोडून आम्ही दहा वाजल्यापासून तयार. कॉलिननं नॉर्माला गाडीतून आणलं. तिला व्हीलचेअरमध्ये बसवून पायऱ्यांवरून त्यानं आणि डॅडींनी उचललं. तिनं गळ्यात मोत्यांची माळ घातली होती आणि पायात वृद्धाश्रमाच्या सपाता.

पॅसेजमध्ये आल्यावर ती म्हणाली, "थांबा." फळ्यांकडे बघितलं. डाग अजून होता, पण पुसट, चहा सांडल्यासारखा. येशूच्या फोटोकडे बघितलं. "हे तुमचं?"

"यस, मिसेस श्मिट. खिळा लहान आहे," डॅडी म्हणाले.

"मिस," ती म्हणाली. "मी कुणाशी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच नाही एवढ्या लांब येऊन."

मग स्वयंपाकघर. दारातच कॉलिन म्हणाला, "जीझस, वेस. ब्लू?" डॅडींचा चेहरा पडला. नॉर्मानं हात पुढे केला. मम्मीनं खुर्ची भिंतीजवळ नेली. म्हातारीनं तळवा भिंतीवर ठेवला आणि काढून बघितला. हातावर पांढरी निळी पूड. ती तिनं नाकाशी नेली.

"ब्लू बॅग," ती म्हणाली. "कपड्यांची नीळ. माझी आई घालायची चुन्यात. माश्या येत नाहीत म्हणायची. खोटं होतं ते, माश्या यायच्याच."

"आमच्याकडेसुद्धा!" डॅडी जवळजवळ ओरडलेच. "माय मदर! सेम! नाताळला!" ते कधी इतकं इंग्लिश एका दमात बोलत नाहीत. मग त्यांनी तिला चूल कुठे होती विचारलं, तिनं बोटानं दाखवलं, तिची आई कुठे उभी राहायची, ती कुठे स्टुलावर बसायची, पाव कुठे फुगायला ठेवायचे. मम्मीनं चहा आणि नेवऱ्या दिल्या. नॉर्मानं दोन खाल्ल्या, तिसरी रुमालात बांधली. कॉलिन दाराला टेकून उभा. मी मम्मीला कोपरानं ढोसलं, जिंकलो! मम्मी माझ्याकडे बघत नव्हती. ती नॉर्माकडे बघत होती.

नॉर्मानं कप खाली ठेवला.

"कॉलिन."

"यस, आंटी नॉर्म."

"आता काढ."

"काय?"

"घर. पेरणीच्या आधी काढून टाक."

पत्रा उन्हानं टक टक वाजत होता.

"मागे बघितलं तेव्हा पॅसेजमध्ये मेलेली मेंढी होती," ती म्हणाली. "ह्या खोलीत कबुतरांची घाण गुडघाभर. तसं कसं जाऊ देणार होते मी त्याला? माझी आई त्या फळ्या गुडघ्यावर बसून पुसायची. आता बघ कसं आहे. आता ठीक आहे. आता मला झोप येईल."

मी उभी राहिले. माझा टॉक तयार होता, मी सोडला. हे घर एकशे तीस वर्षांचं आहे, असं दगडमातीचं काम ह्या भागात थोडंच उरलंय, हे हिस्टॉरिक आहे, आणि आम्ही राहतो इथे, वी लिव्ह हिअर.

नॉर्मा माझ्याकडे बघून हसली. छान हसली, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. "लव्ह, मी ह्या घरात जन्मले. हिस्टॉरिक मी आहे. आणि मला माहीत आहे, ह्यानंतर ते परत घाण होणार. तुम्ही काय जन्मभर राहणार आहात?"

तिनं डॅडींचा उललेला हात दोन्ही हातांत घेतला आणि थोपटला. "तू तिला, ह्या माझ्या घराला, फार सुंदर तयार केलंस, वेस. थँक यू."

डॅडी म्हणाले, "नो वरीज."

ती गेल्यावर कॉलिनची धूळ फाट्यापर्यंत दिसत राहिली. डॅडी ड्रम धुवायला बसले. मी म्हटलं, "मम्मी, असं कसं? तिला आवडलं होतं!"

मम्मीनं नेवऱ्यांचा डबा बंद केला. "आवडलं ना," ती म्हणाली. "आवडलं म्हणूनच." मग ती बाहेर गेली, डॅडींच्या शेजारी उकिडवी बसली आणि त्यांच्या हातातला कुंचा घेऊन स्वतः धुवायला लागली. आतून मला त्या दोघांच्या फक्त पाठी दिसत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे कापलेलं शेत, पार टोकापर्यंत, त्यात कुणीच नाही.

नाताळ त्याच घरात केला. गोठा निळ्या भिंतीला टेकून मांडला. तीन माणसांत केक संपेना.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही कॉलिनच्या शेडजवळच्या केबिनमध्ये गेलो. केबिन ट्रकवर येते, जशीच्या तशी, एसीसकट. कॉलिननं आमच्यासाठी नवीच मागवली होती, त्याला वाईट वाटत होतं बहुतेक. भिंती पत्र्याच्या, आत फोम. डॅडींनी खिळा मारून बघितला, तो वाकला. अल्टार फ्रिजवर ठेवलं.

सोमवारी बस बाकीच्या मुलांना घेऊन फेरा मारून मोठ्या रस्त्याला लागली आणि लांबून आमचं घर दिसलं, तेव्हा एक्स्कव्हेटर आधीच आला होता. पत्रे काढून झाले होते, पुढची भिंत पडली होती. आणि मागची, स्वयंपाकघराची, उघड्यावर उभी. सगळीकडे पिवळी माती, पिवळे खुंट, पांढरं आभाळ, आणि मध्ये ती एवढीशी निळी. मैलभरावरून दिसत होती. बेव्हनं बस हळू केली, कुणी सांगितलं नसताना. बसमधला गलका थांबला.

मॅडी खिडकीला नाक लावून म्हणाली, "व्हॉट्स दॅट ब्लू?"

"माय किचन," मी म्हटलं.

"सिरीयस? आतून असं होतं?" ती पूर्ण वळून माझ्याकडे बघायला लागली. "तू कधी सांगितलं नाहीस."

दोनदा बोलावलं होतं मी तिला. पण ते म्हटलं नाही. "माझ्या डॅडींनी केलं," एवढंच म्हटलं. मशीनचा हात वर गेला, आणि आम्ही वळण घेतलं.

आर्वोला, म्हणजे दुपारी शाळा सुटल्यावर परतताना, सगळे उतरून गेल्यावर बसमध्ये मी आणि बेव्ह. वाटेतली घरं ती नेहमीसारखी मोजत आली. मिलर. ओ'डे. चर्च. मग दोन पेपर ट्री आले, मधली जमीन झाडून काढल्यासारखी, दगडसुद्धा नेले होते. बेव्हनं सवयीनं ब्रेक दाबला. बस थांबली. दार उघडलं, गरम वारा आत आला.

"सॉरी, लव्ह," ती म्हणाली. "विसरलेच. तू आता पुढे."

मी दारातून बाहेर बघत होते. डॅडी पलीकडच्या पट्ट्यात ट्रॅक्टरवर होते, लांब, ठिपक्याएवढे, पाठ आमच्याकडे. मी हात केला. त्यांना दिसला नाही.

"बेव्ह," मी म्हटलं, सगळ्या रिकाम्या सीटांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "हे तुस्कानोंचं."

बेव्हनं आरशातून माझ्याकडे बघितलं.

"तुस्कानोंचं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.